पावणेतीन मिनिटं

१

माझ्या चौकशीचा अहवाल मी चौकशी सुरू करण्याआधीच तयार होता. कंपनीच्या साहेबांनी तो चहाबरोबरच माझ्यापुढे सरकवला. वर कंपनीचं नाव, मध्ये एका मुलीला चोर ठरवणारी दीड पानं आणि तळाला माझ्या सहीसाठी मोकळी जागा.

"वाचायचं तर वाचा, बाई. नाहीतर सरळ सही करा, तुमचाही वेळ वाचेल," साहेब म्हणाले.

माझी हयात पोलिसात गेली. निवृत्त होऊनही लोक मला फौजदारबाईच म्हणतात. खुनी, दरोडेखोर, सुनांना जाळणाऱ्या सासवा, सगळे माझ्यासमोर बसून गेले, पण माझ्या सहीची जागा आखून आणणारा हा पहिलाच. मी चहाचा कप बाजूला सारला.

प्रकरण असं होतं. ही कंपनी दूरदेशीच्या लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर फोनवरून दुरुस्त करून देते. तिकडे कुणाचा प्रिंटर अडला की इकडे एक मुलगी कानाला हेडफोन लावून, तिकडच्यासारखं बोलत, तो सोडवते. इथला मजला जिच्या कामावर चालतो, त्या बड्या परदेशी कंपनीला असलं आणखी काम कुठल्या तरी स्वस्त देशात द्यायचं होतं आणि त्यासाठी पाचसहा देश एकमेकांच्या उरावर बसले होते. आपल्याला ते मिळालं असतं तर आहे त्या मजल्याच्या जोडीला आणखी तीन मजले भरले असते.

सादरीकरणाच्या दिवशी सगळे पडद्यासमोर बसले. पलीकडे त्या कंपनीच्या मॅडम. आपली योजना वाचून संपली, तसा मॅडमनी चष्मा काढला. हे सगळं आपण परवाच ऐकलंय, म्हणाल्या, दुसऱ्या एका देशातल्या नव्या कंपनीकडून. मुद्दे तेच, क्रमही तोच, शब्द तेवढे वेगळे. शिवाय त्यांचा वेग जास्त. एक अडचण सोडवायला तुम्ही सरासरी २.७५ मिनिटं मागता, ते २.४५ मध्ये करून देतो म्हणतात.

काम गेलं. जाताना मॅडमनी बजावलं, की योजना फोडली कुणी ते बाहेरच्या माणसाकडून शोधून घ्या आणि मला कळवा. नाहीतर सध्याचं कामही काढून घेऊ. म्हणून मी आले.

"पावणेतीन मिनिटांत माणसाची अडचण सोडवायची, हे माझं स्वप्न होतं, बाई," साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले. "त्या पोरीनं मातीत घातलं. तिनंच योजना लिहिली, आणि तिच्याच मशीनवरून ती पेन ड्राइव्हवर गेली. इथे पेन ड्राइव्हला सक्त बंदी आहे. अजून काय पुरावा हवा?"

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. साहेबांना एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन टेबलावर ठेवून, स्पीकर लावून ते ओरडूनच बोलतात.

"बाबा, जेवल्यावरच्या गोळ्या घेतल्या का?" एका बाईचा लाडिक आवाज आला.

"घेतल्या गं. जावईबापू काय म्हणतात?"

"त्यांना कुठली फुरसत! सकाळपासून मुलाखतीच चालल्यात. इतकी माणसं घ्यायची म्हणजे..."

"बरं बरं, ठेव आता. इथे बाई बसल्यात." साहेबांनी घाईनं फोन बंद केला आणि माझ्याकडे बघून हसले. "लेक. रोज या वेळेला बापाच्या गोळ्या तपासते."

"कुठे असते?"

"परदेशात," असं म्हणून त्यांनी हात असा हलवला की जणू परदेश म्हणजे एकच गाव. "जावयाचं फर्निचरचं दुकान आहे."

मी अहवाल पिशवीत टाकला. सही मात्र केली नाही. साहेबांचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले.

२

त्या मुलीला मजल्यावर सगळे लेखिका म्हणायचे. कंपनीच्या योजना, माफीची पत्रं, साहेबांची भाषणं, सगळं तीच लिहायची. तिला घरी बसवलं होतं. मी बोलावलं तशी आली आणि दारातच उभी राहिली, कारण आत यायला लागणारं कार्ड काढून घेतलं होतं. रखवालदारानं वहीत तिच्या नावापुढे पाहुणी लिहिलं.

"आईला माहितीये?" मी विचारलं.

"'तिला बरं नाही, रजेवर आहे,' असं ती शेजारी सांगते," लेखिका म्हणाली. "माझ्याबद्दल. आजारी मी आहे म्हणे. चोर म्हणण्यापेक्षा ते बरं."

"पेन ड्राइव्ह वापरलास?"

"वापरला. उच्चारमास्तरांच्या खोलीतली मशीन नेटवर्कला जोडलेली नाही. तिथे तालीम करायची होती. विचारा त्यांना, नेला तसाच परत आणला." मग तिचा आवाज चढला. "बाई, या धंद्यातल्या कंपन्या एकमेकींना नावं कळवतात. एकदा चोर म्हणून नाव गेलं की झाडू मारायलासुद्धा कुणी आत घेत नाही. बहीण अजून शिकतेय. मला बाकी काही नको, माझं नाव स्वच्छ करून द्या."

"योजनेत वेगाचा आकडा काय होता?"

"टू पॉइंट सेव्हन फाइव्ह," ती पटकन म्हणाली. "तो काढायला मी महिनाभर या मुलींच्या शेजारी बसलेय. त्याहून कमी वेळात नाही होत. केलं तर समोरच्या म्हातारीच्या तोंडावर फोन आपटावा लागतो."

बोलताना ती समोरच्या पाटीकडे बघत होती. प्रसाधनगृहाच्या दारावर 'हसत रहा, तुमचं हसू फोनवर ऐकू येतं' असं लिहिलेलं होतं. दाराशेजारी एक यंत्र होतं आणि आत जाणारी प्रत्येक मुलगी त्याला कार्ड लावत होती.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आत किती वेळ गेला ते मोजायला. कल्पना साहेबांच्या मेहुण्यांची."

मला शिसारी आली. कोठडीतसुद्धा आम्ही हे कुणाच्या बाबतीत केलं नव्हतं.

३

उच्चारमास्तर म्हणजे पोरींच्या तोंडून आपली बोली काढून तिथे तिकडची भरणारा माणूस. त्यांच्या खोलीत भिंतभर ओठांची चित्रं लावलेली. स्वतः इतके तिकडचे झालेले, की शिंकसुद्धा परदेशी. पेन ड्राइव्हची गोष्ट त्यांनी लगेच मान्य केली: आणला होता, तालीम झाली, परत नेला.

"पण तुमच्या फोनवर त्याच देशाचे नंबर आहेत," त्यांचा फोन मागून घेऊन चाळत मी म्हटलं. "ज्या देशानं काम पळवलं, त्याच."

मास्तरांचा परदेशीपणा तिथल्या तिथे गळून पडला.

"देवाशपथ, बाई, मी काही फोडलं नाही. नोकरी शोधत होतो हो. इथला मजला बंद पडणार अशी कुजबूज आहे, आणि मुलाची फी तोंडावर आलीय. तिकडे एक नवीन कंपनी निघालीय, तिला उच्चार शिकवणारा हवा होता. मुलाखत दिली, बस्स."

"योजनेतला आकडा त्यांनी विचारला?"

"नाही हो! आणि विचारला असता तरी मी 'टू पॉइंट सेव्हन फाइव्ह'च सांगणार. तालमीत शंभरदा तेच म्हणून घेतलंय." त्यांनी 'सेव्हन'चा उच्चार करून दाखवला. छान होता, नाही म्हणत नाही.

"मुलाखत घेणारा कसा होता?"

"चांगला होता. इंग्रजी बरं होतं, पण कष्टाचं. मधेच कुणीतरी आवाज केला, तशी मागे वळून म्हणाला, 'अगं, दार लाव ना.'" मास्तर हसले. "म्हटलं, आपली माणसं कुठे नाहीत!"

मी खुर्चीतच सावरून बसले. मास्तरांना आपण काय बोललो त्याचा पत्ताच नव्हता.

४

मेहुणेसाहेब म्हणजे साहेबांच्या बायकोचे धाकटे भाऊ. मजल्यावरचा कारभार त्यांच्याकडे. त्यांची खोली काचेची. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. समोरच्या पडद्यावर प्रत्येक मुलीच्या नावापुढे एक घड्याळ पळत होतं आणि ज्यांचं घड्याळ लांबलं ती नावं लाल होत होती. बोलताबोलता त्यांनी बटण दाबून एका मुलीला सुनावलं, "ए, गप्पा नकोत, आवर." त्या मुलीनं दचकून मान खाली घातली.

"योजनेबद्दल मला काही विचारू नका," मेहुणे म्हणाले. "मी माणसं हाकतो. आकडे दाजींच्या तोंडी असतात."

"वेगाचा आकडा तरी माहीत असेल."

"अडीच, नाहीतर तीन. काय फरक पडतो? वरून जो येईल तो मी यांच्याकडून काढून घेतो." मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "बाई, सही करून टाका. ती पोरगी पगारवाढीसाठी बाकीच्यांना चिथवत होती. एका दगडात दोन्ही कामं होतील."

"कोणती दोन्ही?"

जीभ चावली म्हणतात ती मी डोळ्यांनी पाहिली.

बाहेर आले तेव्हा माझ्या डोक्यात कोडं सुटत आलं होतं. मॅडमचं वाक्य आठवलं: मुद्दे तेच, क्रम तोच, शब्द तेवढे वेगळे. जो माणूस चोरलेलं पान समोर ठेवून नक्कल करतो, त्याचे शब्द वेगळे होतील, पण आकडा वेगळा होणार नाही. आकडा तर आधी उतरवला जातो. मग २.७५ चे २.४५ झाले कसे? कुणी म्हणेल, मुद्दाम कमी केले, काम मिळवायला. मग सरळ अडीच केले असते, २.४ केले असते. हा २.४५ असा अर्धामुर्धा आकडा आला कुठून?

मी माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, मी सगळ्यांना साहेबांच्या खोलीत जमवलं. लेखिका दाराशी, मास्तर भिंतीला टेकून, मेहुणे सोफ्यावर पसरून. मॅडम पडद्यावर होत्याच. त्यांना मी आधीच कळवलं होतं. इकडचं बोलणं इंग्रजीत त्यांच्या कानावर घालायचं काम मास्तरांना दिलं.

"सही झाली का?" साहेबांनी विचारलं.

"होईल. त्याआधी एक साधा प्रश्न. आत्ता किती वाजले?"

"पावणेतीन," साहेब म्हणाले.

"आकड्यात लिहून दाखवा."

त्यांनी वैतागून टेबलावरच्या कागदावर २.४५ असं खरडलं.

"बरोबर. घड्याळातले पावणेतीन म्हणजे दोन वाजून पंचेचाळीस मिनिटं. आपण सगळे असंच लिहितो. पण मिनिटांचे पावणेतीन घेतले, तर ते आकड्यात होतात २.७५. ज्याच्या डोक्यात घड्याळ आहे, तो 'पावणेतीन मिनिटं' ऐकतो आणि २.४५ लिहून मोकळा होतो. ही चूक फायलीतून होत नाही, कारण फायलीत अक्षरांत काही नाही, सरळ २.७५ आहे. ही चूक कानातून होते. योजना कुणी पाठवली नाही, वाचून दाखवली. आपल्या भाषेत, फोनवरून. आणि पलीकडे लिहून घेणारासुद्धा आपलाच होता, कारण दुसऱ्या कुणाला 'पावणे' हा शब्दच कळला नसता."

मास्तर पडद्याकडे तोंड करून भराभर भाषांतर करत होते.

"ही मुलगी आकडा इंग्रजीत बोलते. मास्तरही इंग्रजीत. मेहुण्यांना तो धड माहीत नाही. या इमारतीत पावणेतीन म्हणणारा एकच माणूस मला भेटला, तो पहिल्याच दिवशी, छातीवर हात ठेवून."

साहेब हसले. "अहो बाई, शब्दावरून माणसाला फासावर चढवता? उद्या म्हणाल, दीड म्हणणारे सगळे दरोडेखोर."

नेमका तेव्हाच टेबलावरचा फोन वाजला. गोळ्यांची वेळ झाली होती. साहेबांनी झडप घातली, पण पोलिसातला हात अजून मंदावलेला नाही. बटण मी आधी दाबलं.

"अभिनंदन गं!" मी म्हटलं. "बाबांच्या ऑफिसातून बोलतेय. जावईबापूंना मोठं काम मिळालं म्हणे!"

"अय्या, सांगितलं बाबांनी?" पलीकडून आनंद नुसता ओसंडत होता. "मला तर म्हणाले होते, सही होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. अहो मावशी, हे फर्निचर विकत होते हो, यांना यातलं काय कळतंय! बाबांनी रात्र रात्र बसून फोनवर सगळं सांगितलं, यांनी लिहून घेतलं. सरकारनं जमीन फुकट दिलीय इथे. बाबा आहेत ना तिथे? बाबा, गोळ्या—"

साहेबांनी फोन बंद केला.

६

मला वाटलं होतं, आता हा माणूस रडेल, निदान मान खाली घालेल. साहेबांनी कागद नीट रचले आणि हिशेबी आवाजात बोलू लागले.

"चोरी कसली? माझीच योजना, माझाच जावई. एकाच घरातून दोन देशांतल्या निविदा चालत नाहीत, हा नियम यांचा. मग काय करणार? तिकडे माणूस इथल्यापेक्षा निम्म्यात मिळतो. इथल्या पोरी पगारवाढ मागायला लागल्या. आपण हे काम दुसऱ्यांच्या तोंडचं असंच काढलं होतं, तेव्हा टाळ्या वाजवल्या ना सगळ्यांनी? मी नेलं नसतं तर दुसऱ्यानं नेलं असतं."

"आणि हिला चोर का ठरवलंत?"

"मॅडमनी चोर मागितला. कुणीतरी द्यायलाच हवा होता." जणू पाहुण्यांनी पाणी मागितलं होतं.

रागावण्याइतकाही तो माणूस मोठा वाटेना.

मग मॅडम बोलल्या. आम्ही सगळे पडद्याकडे वळलो. मास्तर एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेले आणि सांगतासांगता त्यांचा आवाज खाली जात राहिला.

"मॅडम म्हणतात, चौकशी उत्तम झाली, आभार. मुलगी निर्दोष आहे याची नोंद त्या आज सगळीकडे पाठवतील."

लेखिकेनं डोळे मिटले.

"नात्याचा नियम मोडल्याबद्दल साहेबांच्या कंपनीला समज देण्यात येईल. पण करार झालेला आहे, दरही चांगला आहे, त्यामुळे काम तिकडेच राहील. सध्याचं कामही करारात तिकडेच गेलंय, त्यामुळे इथला मजला बंद होईल." मास्तर थांबले. स्वतःचीच नोकरी गेल्याचं ते स्वतःच्या तोंडानं सांगत होते. "आणि मॅडम म्हणतात, हिच्यावर आता आमचा पूर्ण विश्वास आहे. तिकडची माणसं नवीन आहेत. हिनं तिकडे जाऊन त्यांना २.४५ वर आणावं. पगार इथल्याच्या दुप्पट."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचं नाव स्वच्छ झालं होतं आणि वर नोकरीही चालून आली होती. बहिणीचं शिक्षण, आईची शेजाऱ्यांपुढची मान, सगळं एका होकारावर. तिनं मास्तरांना मधे घेतलं नाही. पडद्यासमोर जाऊन तिनं सरळ मॅडमना विचारलं, हा आकडा चुकून ऐकला गेलाय, आत्ता तुमच्यासमोर सिद्ध झालं. तो दुरुस्त करणार ना? प्रत्येक फोनमागे अठरा सेकंद कमी पडतात. तिकडची माणसं ते कुठून काढणार?

मॅडम गोड हसल्या. त्या काय म्हणाल्या ते मला मास्तरांशिवायही कळलं. करारात लिहिलेला आकडा चूक नसतो.

"मग मी येणार नाही," लेखिका म्हणाली.

"अगं, विचार कर," मी तिच्या कानाशी म्हटलं. खरंच म्हटलं. मला तिची आई आठवली.

"नाही."

मॅडमनी खांदे उडवले. त्या पुढे काही बोलायच्या आत सोफ्यावरून मेहुणेसाहेब उठले. शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मी जातो ना, मॅडम," ते म्हणाले. "अठराच काय, वीस सेकंद काढून देतो. दारावर यंत्र बसवलं की झालं."

मॅडमनी त्यांचं नाव लिहून घेतलं. साहेब त्यांच्या पाठीवर थाप मारत होते.

मी माझा अहवाल स्वतःच्या हातानं लिहिला, सही केली, टेबलावर टाकला आणि लेखिकेला घेऊन बाहेर पडले. मजल्यावर मुली अजून हसऱ्या आवाजात प्रिंटर सोडवत होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. लिफ्टनं मेहुण्यांची माणसं मशिनी उतरवत होती, म्हणून आम्ही जिन्यानं निघालो.

दुसऱ्या वळणावर ती एकदम कठड्याला धरून वाकली आणि भडाभडा ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी.

"मावशी," धापा टाकत ती म्हणाली, "चोर ठरले असते ना, तरी इतकं घाण वाटलं नसतं."

मी तिचं कपाळ हातात धरलं आणि तिचं होईपर्यंत तशीच उभी राहिले.